जयवंतीमावशीचं नाक

माझ्या औषधांच्या दुकानाची जेवढी निंदा जयवंतीमावशीनं केली, तेवढी बोईसरच्या बाजारातल्या दुसऱ्या कुठल्याही दुकानदारानं केली नसेल. आणि तीही माझ्याच पायरीला टेकून. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. सगळ्यांत खालच्या पायरीशी तिची सुक्या मासळीची टोपली असायची आणि मधल्या पायरीवर तिचा चहा. त्यामुळे औषधाला आलेल्या माणसाला आधी बोंबलांचा वास ओलांडावा लागे, मग मावशीचा सल्ला. त्यातूनही जो तगला, तो माझा.

"काय झाला? खोकला?" ती खालूनच विचारायची. "मंग अडुळसा नाय का दारात? कशाला याच्या गोल्या खातो?"

"मावशी, दुकान आहे माझं," मी वरून म्हणायचो.

"मी कुटं बोलते बंद कर म्हनून? शिकलेल्यांना दे की."

मावशी नवापूरची. घरची होडी, नवरा गेल्यावर मुलगा होडीवर. स्वतः रोज सकाळी टमटमच्या कडेच्या सीटवर बसून, टोपली पायांत धरून बोईसरला यायची. काष्ट्याचं लुगडं, दोरीनं बांधलेला चष्मा आणि पायात मुलाच्या जुन्या चपला. मी फार्मसी शिकलोय, डॉक्टर नाही, हे मी तिला पहिल्या वर्षी पाच-सहा वेळा सांगितलं. तरी ती बाजार सोडेपर्यंत मला 'डाक्तर'च म्हणाली. निंदा करायची तर मोठ्या माणसाची करावी, असा तिचा हिशेब असावा.

तिचं खरं भांडवल टोपलीत नव्हतं, तोंडावर होतं. नाक तसं बसकं, लहानसं. बघणाऱ्याला त्यात काही विशेष दिसलं नसतं. पण किनाऱ्यावरच्या गावांतून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या बायका आपला माल बाजारात मांडण्याआधी मावशीसमोर आणायच्या. असा नियम कुणी केला नव्हता, पण मोडतही कुणी नसे. मावशी जुडीतला एक बोंबील उपसायची, मध्येच कट्‌कन मोडायची, तुटलेलं टोक नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची. मग निकाल.

"परवाचा हाय. चांगला."

"पावसाच्या आधीचा जुना नव्यात घातलाय. येगला काड."

"रात्री झाकला नाय. दव खाल्लाय यानं."

दव खाल्लेला बोंबील वरून कडक दिसतो आणि आठ दिवसांत आतून बुरसतो. असा माल कोंबड्यांच्या खाद्यासाठी जातो. मावशीनं नाक मुरडलं की त्या बाईनं टोपली उचलायची, वाद घालायचा नाही. सालवडच्या कामगार वस्तीतला एक तरुण एकदा तिला म्हणाला, "मौसी, ये अच्छा है ना? पक्का?" मावशी उसळली. "अच्छा नाय तो मैं नवापूर से झूट बोलने को आयी क्या? मेरा नाक झूट नाय बोलता." तो बिचारा घाबरून दोन जुड्या जास्त घेऊन गेला.

त्या नाकाचे माझ्यावरही उपकार आहेत. एका दुपारी मी गिऱ्हाइकात गुंतलेलो असताना ती खालून ओरडली, "डाक्तर, तुजा कपाट जलतो." मी वैतागून म्हटलं, काही जळत नाही. तर टोपली सोडून ती पायऱ्या चढून आत आली आणि इन्सुलिन ठेवायच्या फ्रिजकडे बोट दाखवून उभी राहिली. मागची वायर वितळायला लागली होती. मला, आत उभ्या असलेल्या शिकलेल्या माणसाला, पत्ता नव्हता. पुढचे दोन महिने ही गोष्ट तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली आणि दरवेळी आग थोडी मोठी केली.

अशा बाईला शिंका सुरू झाल्या.

आमच्याकडे पाऊस सरता सरता गवत कमरेला लागतं. भाद्रपद-आश्विनात त्याला तुरे येतात, मग कापणी, मग पेंढ्या, मग गवतानं भरलेले ट्रक. त्या दिवसांत माझ्या दुकानात नाकं पुसणाऱ्यांची रांग असते. तुऱ्यांवरची ती बारीक पूड वाऱ्यावर उडते आणि ज्याला सोसत नाही त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढते. तीन वर्षांपूर्वी मावशी अशीच टमटममधून उतरली ती शिंकतच. एक, दोन, पाच, अकरा. डोळे लाल, नाक लाल, आणि राग सगळा सुनेवर.

सून म्हणजे दर्शना. मावशीच्या मुलानं लग्न केलं ते बेटेगावच्या शेतकऱ्याच्या मुलीशी. पावसात होडी बंद असली की मुलगा कारखान्यात जायचा, तिथं दोघं एका पाळीला होती, जमलं. मुलीच्या घरी भातशेती, आणि माळावर गवत. मावशीनं लग्नाला नाही म्हटलं नाही, पण मासळीतलं ओ की ठो न कळणारी सून घरात आली हे तिला बोचत होतं. लग्न मेमध्ये झालं, शिंका ऑक्टोबरात आल्या. मावशीनं दोन्हींची गाठ मारून टाकली.

"ती गवत घेऊन आली घरात."

"मावशी, गवत नवापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जन्मापासून आहे," मी म्हटलं. "या व्याधीचं असंच असतं. चाळिशी-पन्नाशीतही अचानक सुरू होते."

"अन् सून आली तवाच बरी झाली चालू?"

यावर फार्मसीच्या पुस्तकात उत्तर नाही.

गंमत अशी की उपाय घेऊन पहिली धावली ती दर्शनाच. माहेरच्या परसातलं सगळं तिनं आणलं. गवती चहा, तुळस, अडुळसा, वर आलं-मिरी-गूळ. त्याचा काढा स्टीलच्या थर्मासमधून मावशीबरोबर बाजारात येऊ लागला. शिवाय ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला. मी समोर सेटिरिझिनची गोळी ठेवली. बाजाराला तेवढंच पाहिजे होतं. भाजीवाल्या सगळ्या काढ्याच्या बाजूनं, रिक्षावाले गोळीच्या बाजूनं, कारण त्यांना रोज धूळ खाऊन गोळीचा अनुभव होता. मावशीनं न्याय केला: "एक दिस तिचा काडा, एक दिस तुजी गोली. बगू कोन जिंकतो."

हा सामना मी इमानेइतबारे पाहिला, म्हणून सांगतो. काढ्यानं तिचा घसा सुखावला, हुशारी आली, वाफेनं नाक अर्धा तास मोकळं झालं. पण शिंका थांबल्या नाहीत. गोळीनं शिंका थांबल्या, डोळ्यांची खाज गेली. पण चोंदलेलं नाक चोंदलेलंच राहिलं. आणि ओव्याच्या पुरचुंडीनं वेगळाच घोटाळा केला. ती हुंगली की मावशीला पुढचा तासभर सगळ्याच बोंबलांना ओव्याचा वास यायचा. "आज पूर्ण दर्या बालंतीण झालाय," ती म्हणाली.

गोळीच्या बाजूनं एक मोठी फजिती माझ्या नावावर आहे. एकदा नेहमीची गोळी संपली होती, म्हणून मी जुन्या पद्धतीची पिवळी गोळी दिली आणि बजावलं, "हिनं झोप येते. रात्रीच घ्या." दुसऱ्या दिवशी मावशी आलीच नाही. आली ती दुपारी, भलत्याच टमटममधून, तापलेली. तिनं गोळी पहाटे चहाबरोबर घेतली होती, टमटमच्या कोपऱ्यात पदर डोक्यावरून घेऊन झोपली होती आणि बोईसर मागे टाकून थेट चिल्हार फाट्याला, हायवेवर जागी झाली होती. टोपलीसकट.

"रात्री घ्यायला सांगितली होती ना?"

"रात्री शिंका कुटं येतात? मंग रात्री कशाला घेऊ?"

पुढे आठवडाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, "यानं मना गुजरातला धाडली असती."

इथवर सगळी मजाच होती. पण पुढच्या वर्षी गवताचे दिवस आले तेव्हा शिंका कमी आणि नाक पूर्ण बंद, असं झालं. एका सकाळी बाजार भरायच्या आधी ती पायऱ्या चढून आत आली. कधी नाही ती हळू बोलत होती.

"डाक्तर, मना वास येत नाय."

"कमी येतो का?"

"नाय. येतच नाय."

मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि निलगिरी तेलाची बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली. माझ्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं एवढा उग्र वास. म्हटलं, काय आहे सांगा.

"पानी," ती म्हणाली.

तिनं डोळे उघडले, बाटली पाहिली आणि तिचा चेहरा पडला. मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे चला म्हणालो. ती म्हणाली, दिवाळी होऊन जाऊ दे. आता नवा माल येतोय, आता जुना नव्यात मिसळतात, आताच बायका मला विचारतात. मग माझा हात धरून तिनं मला शपथ घातली की यातलं अक्षर कुणाला सांगणार नाहीस. औषधवाल्यानं गिऱ्हाइकाचं दुखणं बाहेर बोलू नये, हे मला पटण्यासारखंच होतं. मी हो म्हणालो.

आणि ती खाली जाऊन बसली. बायका आल्या. तिनं बोंबील उपसला, मोडला, नाकाशी धरला, डोळे मिटले. निकाल दिला. मी वरून थक्क होऊन पाहत राहिलो. दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती काय करते. मोडताना होणारा आवाज ती ऐकत होती, आणि डोळे मिटायच्या आधी एक क्षण माल आणणारीच्या तोंडाकडे पाहत होती. जिनं जुनं नव्यात घातलंय तिची नजर आपोआप टोपलीच्या तळाशी जायची. चाळीस वर्षांच्या बाजारानं मावशीला माणसं वाचायला शिकवलं होतं. तिचे निकाल बरोबर यायचे, आणि मला, खोटं कशाला बोलू, कौतुक वाटायचं.

त्याच आठवड्यात दर्शनानं पहिल्यांदा स्वतः, मावशीला न दाखवता, बोंबील वाळवले. वलांडीवर, म्हणजे बांबू बांधून ताणलेल्या दोऱ्यांवर, जबडा जबड्यात अडकवून टांगण्यापासून जुड्या बांधण्यापर्यंत सगळं तिचं. सकाळी ती मावशीच्या आधीच बाजारात आली, एक जुडी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "वहिनींना द्या. पयल्या वाळवनाचे हाईत." मग टोपली घेऊन सासूची वाट पाहत उभी राहिली. घाबरली होती. घाबरणारच. सासू, तीही अशी, आणि भोवती चार गावच्या बायका.

मावशी आली. टोपलीकडे पाहिलं. बोंबील मोडला, नाकाशी धरला. त्याआधी तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथं जे दिसलं ते तिनं नेहमीच्या रीतीनं वाचलं.

"दव खाल्लाय," मावशी म्हणाली. "कोंबड्यांना जाऊ दे."

एक बाई हसली. "शेतातली पोर ती. तिला काय दर्या कलतो!"

टोपली उचलून दर्शना कोंबड्यांच्या खाद्यवाल्याच्या टेम्पोकडे गेली. चालताना तिनं पदरानं तोंड पुसलं, तेवढंच मला दिसलं. मला माहीत होतं की ज्या नाकानं हा निकाल दिला त्याला निलगिरी आणि पाणी सारखंच आहे. तरी मी वर उभा राहून कुणाच्या तरी पित्ताचं औषध शोधत राहिलो. शपथेचं निमित्त होतं, पण खरं सांगायचं तर बाजारासमोर तोंड उघडायचं धैर्य झालं नाही.

संध्याकाळी बायकोनं ते बोंबील कांदा-कोकम घालून केले. पहिल्या घासालाच आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. इतके गोड, इतके कोरडे, हाडापर्यंत स्वच्छ वाळलेले बोंबील मी त्या वर्षी खाल्ले नव्हते. मावशीचेसुद्धा. दुसऱ्यांदा वाढून घेताना मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मावशी टेकते न टेकते तोच मी पायऱ्या उतरून तिच्या शेजारी बसलो.

"मावशी, कालचे बोंबील चांगले होते. आम्ही जेवलो."

"कुनाचे?"

"दर्शनाचे."

"तवाच का नाय बोललास?"

"तुम्ही शपथ घातली होती."

"शपथ माज्या नाकाची घातली होती. तिच्या मालाची नाय." आणि मग, स्वतःशीच, "भ्याली होती ती. मी बोलले चोर हाय."

त्या दिवशी तिनं एकही बोंबील मोडला नाही. बायका आल्या, थांब म्हणाली. दर्शनाला मुलाकरवी फोन करून बोलावून घेतलं. दर्शना येईपर्यंत दहा-बाराजणी जमल्या होत्या, भाजीवाल्या होत्या, दोन रिक्षावाले होते. मावशी गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली. मी तिला बाजारात उभं राहून बोलताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मना वास येत नाय," ती म्हणाली. "पंधरा दिस झाले. मी तुमच्यासमोर नुसता नाकाला लावते अन् तुमच्या तोंडाकडे बगते. काल मी हिचा चांगला माल कोंबड्यांना घातला. हिचा काय चुकला नाय. माजा चुकला."

ज्या नाकावर तिची सगळी ऐट होती ते तिनं असं चारचौघांत काढून ठेवलं होतं.

पहिली बोलली ती दर्शना. "जाऊ द्या, आई. कोंबड्या तरी पोटभर जेवल्या."

सगळा बाजार हसला. मावशीही हसली, आणि हसता हसता तिला शिंकांची अशी उबळ आली की तिला धरून बसवावं लागलं. मग डोळे पुसत तिनं सुनेला विचारलं, "पन तू वालवला कसा? कोनी शिकवला तुना?"

दर्शना संकोचून म्हणाली, "कोनी नाय. आमच्याकडं गवत रचताना बाबा करतात तसाच केला. गवत वरून वाळलेला दिसतो, पन आत ओल राहिली तर गंजी आतून तापते, कुजते. म्हनून पेंढीच्या मधी हात घालायचा. गार लागला तर वाळला. ऊब लागली तर परत पसरायचा. मी जुड्यांत हात घातला. दोन वेळा परत टांगले."

मावशीनं सुनेचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा-सुलटा करून पाहिला, मोडलेला बोंबील पाहावा तसा. "गवतानं माजा नाक नेला," ती म्हणाली, "अन् हिला हात दिला." मग बायकांना सांगून टाकलं, "गवत कापून व्हईपरत हिला इचारा."

दिवाळीनंतर ती डॉक्टरांकडे आली, माझ्याबरोबर, कुरकुरत. त्यांनी नाकात मारायचा फवारा दिला आणि सांगितलं की पुढच्या वर्षी तुरे यायच्या आधीच सुरू करायचा, रोज मारायचा, लगेच गुण आला नाही म्हणून सोडायचा नाही. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं. याच्यावर मावशी फार खूश झाली. "बगा, मिठाचा पानीच लागला शेवटी," ती म्हणाली. गोळी शिंकांपुरती राहिली, काढा घशापुरता. काढ्याला मी आता नावं ठेवत नाही. दर्शना थर्मास भरते तेव्हा अर्धा कप माझ्यासाठीही येतो आणि मी तो माझ्याच गोळ्यांच्या कपाटाला पाठ टेकून पितो.

आता मावशी बाजाराला येत नाही. गुडघे धरलेत, आणि नवापूरला वर्षाची नात आहे, तिच्यामागे असते. मी तिला पायरीवर शेवटचं पाहिलं ते होळीच्या आदल्या आठवड्यात. गवत कधीच कापून गेलं होतं आणि तिचं नाक पुरतं परत आलं होतं. त्याच सकाळी तिनं खालूनच मला माझ्या डब्यातल्या भाजीत हिंग जास्त पडलाय म्हणून सांगितलं होतं.

आलेवाडीची एक बाई नवा माल घेऊन आली आणि सवयीनं मावशीसमोर बसली. मावशीनंही सवयीनं बोंबील उपसला, मोडला, नाकाशी धरला. मी वरून पाहत होतो. इतक्या वर्षांत तिचा चेहरा मला पाठ झाला होता. दव खाल्लेला माल असला की तिचा खालचा ओठ किंचित आत जायचा. तो गेला. तिला कळलं होतं.

तिनं मोडलेला बोंबील परत टोपलीत ठेवला.

"दर्शनाला इचार," ती म्हणाली.

"अगं, तुजा नाक आलाय ना आता? मंग तूच सांग की."

"आलाय," मावशी म्हणाली. "तरी तिला इचार."

दर्शना शेजारीच जुड्या बांधत होती. ती उठली, टोपलीपाशी वाकली आणि जुडीच्या मधोमध हात घातला. मग, अजून पूर्ण खात्री नसलेल्या माणसासारखं, तिनं मान वर करून सासूकडे पाहिलं.

मावशी तेव्हा पाठ फिरवून बसली होती, रस्त्याकडे तोंड करून, आपला चेहरा तिला दिसू नये म्हणून.